झिजलेल्याचं माप

पिन आत जाईना. शिडवालीने ती उपसून काढली, चिंधीने पुसली, ग्रीसचं बोट भोकातून पुन्हा एकदा फिरवलं आणि लाकडी हातोडीने बेताने ठोकलं. पिन अर्धी गेली आणि अडून बसली.

"जा की गं बाई," शिडवाली तिला म्हणाली. "अकराला साहेब येतोय तपासणीला. रुसायला दुसरा दिवस नाही मिळाला?"

पिनेचा काही दोष नव्हता. बूमचं वजन लोंबत होतं, त्यामुळे वरचं भोक आणि खालचं भोक एका रेषेत येत नव्हतं. हे दोन माणसांचं काम. एकाने बूम उचलून धरायची, दुसऱ्याने पिन घालायची. दुसरं माणूस नव्हतं. मग तिने बूमचं मागचं टोक दोराच्या फासात टांगलं, पुढच्या टोकाखाली स्वतःचा खांदा दिला, आणि दातओठ खाऊन उठली. अडुसष्टाव्या वर्षी कुणी असलं करू नये, हे तिला सांगायला डॉक्टर होता, सून होती, धक्क्यावरचे चार रिकामटेकडे होते. ती उठली. पिन सुळकन आत गेली. खालून टोक बाहेर आलं, त्यात तिने स्प्लिट पिन सरकवली, तिचे दोन्ही पाय पक्कडीने वळवले आणि मग कुठे श्वास सोडला.

बोटीवर डोलकाठी उभी आणि बूम आडवी. शिडाची खालची कड त्या बूमला बांधलेली असते. दोघींना धरून ठेवतो तो हा सांधा: मुठीएवढा धातूचा तुकडा, दोन पिना, चार बोल्ट. वारा शिडावर कितीही आदळला तरी सगळा भार शेवटी येतो याच्यावर. हा सुटला की बूम मोकाट, आणि मग डोकं असो की कठडा, समोर येईल ते फुटतं.

शिडवालीला हे सगळं आधीपासून माहीत होतं असं नाही. चाळीस वर्षं तिने शिडं शिवली. बंदरातल्या निम्म्या बोटींवर तिची टीप होती. घरात वाटणीच होती तशी: कापड तिचं आणि लोखंड नवऱ्याचं. नवऱ्याने कधी सुईत दोरा ओवला नाही, तिने कधी पान्हा उचलला नाही. समुद्रावर मात्र सुकाणू आणि दोर दोघं आळीपाळीने धरायची. चार वर्षांपूर्वी नवरा गेला, आणि मुलाने बोट धक्क्याला बांधली ती बांधलीच. मुलगा विमा कंपनीत. दिवसभर लोकांना काय काय वाईट होऊ शकतं ते समजावून सांगायचं, आणि घरी येऊन तेच आईला. वाईट नव्हता पोरगा. फक्त त्याला जिकडे तिकडे पाणीच पाणी दिसायचं, आणि त्यात बुडणारी आई.

"आई, फिटिंग सगळं झिजलंय. आता ते बाबांशिवाय कोण करणार?" तो म्हणाला होता.

झालं. हेच तो बोलायला नको होता.

अडीच महिने ती रोज सकाळी सातला धक्क्यावर हजर. डोलकाठी चार जणांना बोलावून आडवी करून घेतली, लाकडी घोड्यांवर ठेवली. टोकावरच्या कप्पीची कड तुटली होती, ती बदलली. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांची टोकं उसवली होती, नवी आणून दाबून घेतली. तारा ज्या पट्ट्यांना बांधतात त्या पट्ट्या बोटीच्या कुशीतून काढल्या, तर एकीला आतून केसाएवढी चीर. बाहेरून सगळं छान, चकचकीत. चीर बघून तिला राग आला, इतकी वर्षं आपण हिच्या भरवशावर लाटांतून नाचत होतो म्हणून. बोल्ट गंजून बसले होते. एकेका बोल्टने तिचे नाकी नऊ आणले. धक्क्यावरचे रिकामटेकडे कपात चहा घेऊन बघत बसायचे.

"काय शिडवाली, लोहारीण झाली काय आता?"

"व्हावं लागतं बाबा. पुरुष बसलेत चहा पीत."

सगळ्यात मोठी फजिती झाली ती या सांध्याची. जुना सांधा काढून तिने लेथवाल्याकडे नेला आणि सांगितलं, असाच दुसरा करून दे. तिसऱ्या दिवशी त्याने दिला. सुंदर केला होता. तिने मोठ्या हौसेने बसवला, बूम धरून हलवली, आणि खड् खड् खड्. जुना वाजायचा तसाच. पहिल्यांदा तिला वाटलं आपल्याच कानात आहे. मग सांधा काढून तिने जुन्या पिनेशेजारी नवी पिन धरली आणि कपाळावर हात मारला.

जुनी पिन घासून घासून मधे बारीक झाली होती. जुनं भोक घासून घासून मोठं झालं होतं. लेथवाल्याने नेमकं तेच माप घेतलं होतं: पिन बारीक, भोक मोठं. कोरा करकरीत सांधा, जन्मताच म्हातारा.

"अरे, हे काय केलंस?"

"जसं दिलंत तसं केलं, मावशी. केसाचा फरक निघाला तर बोला."

"तीच तर बोंब आहे ना मेल्या! तू झिजेचं माप घेतलंस!"

"मग कशाचं घेऊ? तुम्ही दुसरं दिलंत काय?"

चूक तिचीच होती. जुनं शीड जमिनीवर अंथरायचं आणि त्यावरून नवं बेतायचं, जन्मभराची सवय. कापड ताणतं, पण कुठे किती ताणलंय ते तिच्या बोटांना कळायचं, कात्री आपोआप तेवढं सोडून चालायची. धातूचं तिच्या बोटांना काही कळत नव्हतं. ती रात्री चिडचिड करत झोपली आणि सकाळी जुनी पिन घेऊन खिडकीत बसली. पिनेच्या डोक्याच्या अगदी खाली अर्धं बोट जागा होती. तिथे कधी काही घासलंच नव्हतं. मूळची जाडी तिथे जशीच्या तशी होती. ती तशीच उठून, केससुद्धा न विंचरता, लेथवाल्याकडे गेली आणि त्याच्या नाकासमोर पिन धरून म्हणाली, "इथलं घे."

आज तिने बूम धरून हलवली. आवाज नाही. पुन्हा हलवली, अंगातला सगळा जोर लावून. काही नाही. तिला इतका आनंद झाला की तिने चोरून इकडेतिकडे बघितलं आणि बूमचा एक मुका घेतला.

अकराला पाच कमी असताना मुलाची गाडी धक्क्याच्या तोंडाशी थांबली. तीतून मुलगा उतरला, आणि दुसऱ्या दारातून तपासनीस साहेब.

"वाटेत भेटले," मुलगा म्हणाला. तिने विचारलं नव्हतं.

तपासनीस पन्नाशीचा, आटोपशीर माणूस होता. बोटीवर पाय ठेवताना त्याने आधी बुटाचे तळवे धक्क्याला पुसले, ते तिला आवडलं. त्याच्या काखेत फळी आणि फळीला फॉर्मचा गठ्ठा होता. तिने सगळं मांडून ठेवलं होतं: जुनी कप्पी, चिरलेली पट्टी, तारांची टोकं, जुना सांधा, एका ओळीत चादरीवर. प्रत्येकाबद्दल काय सांगायचं ते दोन दिवस मनात घोळवलं होतं.

"हे सगळं तुम्ही केलंत, आजी? वा, वा," साहेब म्हणाला. त्याने आग विझवायची नळकांडी बघितली. तरंगायची जॅकेटं मोजली. बुडातलं पाणी उपसायचा पंप दोनदा हलवला. मग केबिनच्या छपरावर बसून लिहायला लागला.

शिडवाली बघत राहिली. त्याने वर मान केली नव्हती. डोलकाठीकडे नाही, तारांकडे नाही. बूमला हात लावला तो फक्त डोक्याला लागू नये म्हणून बाजूला करायला.

"साहेब, तो सांधा..."

"बघितला की. छान आहे." सही ठोकून त्याने कागद फाडला आणि हसून तिच्या हातात दिला. "झालं तुमचं काम. आता वर्षभर काळजी नाही."

मुलगाही हसत होता. तोही खूश होता, अगदी मनापासून. "बघ, आई. झालं ना?"

क्षणभर तिलाही वाटलं, झालं. हातातल्या कागदावर ग्रीसचे ठसे उमटले. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचायला लागली. वाचायची तिला घाई नसायची, पण एक अक्षर ती सोडायची नाही. नाव. लांबी. रुंदी. आणि खाली, साहेबाच्या सुवाच्य अक्षरात: केवळ बंदराच्या आत, धक्क्यास बांधलेल्या स्थितीत ठेवण्यास योग्य.

तिने ती ओळ दोनदा वाचली.

"हे काय?"

साहेबाने मुलाकडे बघितलं. बस, तेवढंच. पण चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला टाका कुठे निसटलाय ते दिसतंच.

"तू सांगितलंस यांना," ती मुलाला म्हणाली.

"आई, ऐक तरी. बोट राहावी एवढंच हवं होतं ना तुला? ती राहिली. कुणी हलवणार नाही. तू रोज ये, बस, शिव, चहा पी. कुणी काही बोलणार नाही. मला पण घोर नाही." त्याचा आवाज मऊ होता. आजारी माणसाशी बोलतात तसा. "नाहीतरी बाहेर कुठे जाणार होतीस आता तू?"

तिच्या कानशिलात रक्त चढलं. अपमान असा झाला होता की रडूच यायचं बाकी होतं. नापास केली असती तर तिने साहेबाशी भांडण केलं असतं, वर्षभर केलं असतं. पण यांनी तिला पास केली होती. अडीच महिने ती बोल्टांशी झगडत होती तेव्हा या दोघांनी मिळून ठरवून टाकलं होतं की म्हातारीला खेळायला काहीतरी हवंय, खेळू दे. म्हणून तर साहेबाने वर बघितलं नाही. जी बोट हलायचीच नाही, तिची डोलकाठी कशाला बघायची?

"साहेब," ती म्हणाली, "आणि समुद्रात न्यायचा कागद हवा असेल तर?"

"आई!"

"तू थांब. मी साहेबांशी बोलतेय."

तपासनीसाने टोपी काढून पुन्हा घातली. "त्याला चालवून दाखवावी लागते. त्या बाहेर तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालून परत. मी इथून, धक्क्यावरून बघतो. पण आजी, एक सांगतो. चाचणीत काही तुटलं, काही सुटलं, तर बोट नापास. मग हा कागदही मिळत नाही. महिन्याअखेर बोट धक्क्यावरून काढावी लागते." तो थांबला. "हातात आहे ते घ्या. माझं ऐका."

मुलगा पुढे आला. "आई, अगं तुझं वय काय, तुझी पाठ कशी झालीय, चार वर्षांत तू दोर धरलेला नाहीस..."

"लेथवाल्याला आठ दिवसांपूर्वी जे सांगितलं तेच तुला सांगते," शिडवाली म्हणाली. आवाज चढला होता, धक्क्यावरचे चहाचे कप थांबले होते, थांबू देत. "झिजलेल्या जागेचं माप घेऊ नये. तू माझं घेतलंस. पाठ मोजलीस, वय मोजलंस. न झिजलेलं कुठे काही आहे का, ते बघितलंस? एकदा तरी विचारलंस?"

मुलाचे कान लाल झाले. लहानपणी व्हायचे तसेच, आणि तिला त्याची दयाही आली, पण तिने ती दाखवली नाही.

तिने कागद साहेबाच्या फळीवर ठेवला.

"फाडा."

"आजी..."

"फाडा म्हणते ना. आणि खाली उतरा दोघं."

शीड चढवताना तिच्या खांद्याने तक्रार केली. सकाळी बूमखाली दिलेला तोच खांदा. ती मधे थांबली, दोर खुंटीला अडकवून दम घेतला, पुन्हा ओढायला लागली. धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं, "येऊ का मदतीला?" तिने नाही म्हणून मान हलवली. हे शीड तिनेच शिवलेलं, नवऱ्याच्या शेवटच्या वर्षी, आणि ते एकदाही भरलं नव्हतं. घड्या अजून दिसत होत्या. पुढचा दोर तिने सोडला, मागचा सोडला, बोटीचं नाक पायाने ढकललं. वारा डाव्या कुशीवर आला, बूम उजवीकडे गेली, आणि घड्या एकेक करून मोडल्या.

घाबरली होती ती. उगाच खोटं कशाला सांगा? सुकाणूचा दांडा हातात घामेजला होता. बंदराचं तोंड सुटल्यावर पहिली मोठी लाट बोटीखालून गेली तेव्हा तिची नजर समुद्रावर नव्हती, सांध्यावर होती. पट्ट्यांवर, तारांवर. उजवी तार. डावी तार. चार बोल्ट. ती त्यांना नावं ठेवत, शिव्या घालत, गोंजारत चालली होती. पण हळूहळू दांड्याने हाताला ओळख दिली. बोट थोडी कलली की पायाने आपोआप आधार घेतला. शिडाचा दोर किती सोडायचा ते बोटांनी ठरवलं, तिला न विचारता.

लाल बोया जवळ आला. इथे दोन वाटा होत्या. बोटीचं नाक वाऱ्यात घालून वळायचं. शीड फडफडतं, बूम सावकाश या कुशीवरून त्या कुशीवर येते, कुणालाच त्रास नाही. नाहीतर पाठ वाऱ्याला देऊन वळायचं. मग वारा शिडाच्या मागे जातो आणि बूम अख्ख्या बोटीवरून धाडकन पलीकडे फेकली जाते. सांधे तुटतात ते तेव्हा. धक्क्यावरून बघणाऱ्या साहेबाला पहिला वळसा पुरला असता. मुलाचा जीवही त्या वळशाने भांड्यात पडला असता.

"यांना पुरेल. मला नाही पुरायचं," ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं.

तिने पाठ वाऱ्याला दिली. दोर भराभर आत ओढला, अर्धा तरी, आणि डोकं खाली घातलं. एक क्षण सगळं गप्प झालं. मग बूम आली. डोक्यावरून गेली, दोर हाताची साल काढत पळाला, आणि पलीकडच्या टोकाला बूम अशी अडली की डोलकाठीपासून बुडापर्यंत बोट थरारली. तिने डोळे मिटले होते. उघडले. सांधा जागेवर होता. पट्ट्या जागेवर. वरची कप्पी, तारा, सगळं जिथल्या तिथे. आणि शीड डावीकडे भरून उभं होतं.

शिडवाली ओरडली. शब्द नव्हता तो कुठला. पोटातून आला आणि गेला.

परत येताना धक्क्याच्या टोकावर दोन माणसं दिसली. एक फळी घेऊन लिहीत होता. दुसरा नुसता उभा होता, दोन्ही हात डोक्यावर ठेवून. जवळ आल्यावर ते हात खाली आले. तिने नाक वाऱ्यात घातलं, शीड सैल झालं, बोटीचा वेग सरला. तिने पुढचा दोर फेकला आणि मुलाने तो हवेत झेलला, आणि सवयीने खुंटाकडे वाकला.

"बांधू नकोस," ती म्हणाली.

तो तसाच वाकलेला राहिला. साहेब धक्क्याच्या कडेला गुडघ्यावर बसला. त्याने कागद पुढे केला, आणि या वेळी त्याची मान वर होती. नजर डोलकाठीच्या टोकापासून सुरू झाली, तारांवरून उतरली, सांध्यावर थांबली, आणि मग तिच्या सोललेल्या तळव्यावर आली.

"त्या बोयाला तसं वळायची गरज नव्हती," तो म्हणाला.

"होती," ती म्हणाली. कागद घेतला. चष्मा लावला. एकेक ओळ वाचली, शेवटचीही. दुमडून शर्टाच्या खिशात घातला, बटण लावलं. मग मुलाकडे बघितलं.

"दोर टाक आत."

"आता कुठे?" त्याने विचारलं. "झालं ना सगळं? कागद मिळाला ना?"

"कागद मिळाला. आता जाते."

तो दोर हातात धरून उभा राहिला. बोटीचं नाक हळूहळू बाहेर फिरायला लागलं, दोर ताणत गेला. त्याने ओढलं असतं तर ती थांबली असती, एका हाताने ओढलं असतं तरी. तिला ते माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. मग त्याने दोर वेटोळे करून गोळा केला, नीट, एकावर एक, आणि फेकला. तो बरोबर तिच्या पायाशी येऊन पडला.

शीड भरलं. धक्का मागे सरला. पाण्याची पट्टी रुंद व्हायला लागली तसा तो कडेकडेने चालायला लागला, मग पळायला, बंदराच्या टोकापर्यंत, ऑफिसच्या बुटांत.

"आई! जेवायला येशील ना?"

तिने मागे वळून बघितलं नाही. पुढे लाट येत होती.

"झाकून ठेवा," ती म्हणाली.